केंद्रीय राखीव पोलीस दलातील जवानाचा मृत्यू किंवा अपंगत्व: कुटुंबाने कोणती पावलं कोणत्या क्रमाने टाकावीत

माझे पती केंद्रीय राखीव पोलीस दलात, म्हणजे सीआरपीएफमध्ये होते. ते गेल्यावर कागदपत्रांचं सगळं काम मी आणि माझ्या दिरांनी मिळून केलं. तेव्हापासून आमच्या भागातल्या इतर जवानांच्या घरी अशी वेळ आली की मी सोबत जाते. प्रत्येक घरात तेच प्रश्न पडतात आणि तीच अडवणूक होते. म्हणून क्रमवार लिहून ठेवते आहे. तुमच्यावर हा प्रसंग नुकताच आला असेल, तर आज फक्त पहिले दोन टप्पे वाचा. बाकीचं पुढच्या आठवड्यात वाचलं तरी चालेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. हे सगळं सीआरपीएफबद्दल आहे. बीएसएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी, एसएसबी या केंद्रीय दलांनाही बहुतेक हेच नियम लागतात. राज्य पोलीस आणि राज्य राखीव पोलीस दल (एसआरपीएफ) यांना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ लागू आहेत. तिथली कार्यालयं वेगळी आणि रकमाही वेगळ्या. लष्कराचा कारभार तर निराळाच असतो. गावात कोणीतरी माजी सैनिक आपुलकीने सांगतो, "जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, सगळं तिथेच होतं." ते कार्यालय सैन्यदलांसाठी आहे. आपल्या पेन्शनची फाइल तिथून हलत नाही. ती हलते जवानाच्या बटालियनमधून आणि ग्रुप सेंटरमधून, म्हणजे बटालियनांचा कार्यालयीन कारभार पाहणाऱ्या केंद्रातून.

१. मृत्यूचं कारण कागदावर काय लिहिलं जातंय, ते पहिल्या दिवसापासून पाहा

संपूर्ण लेखातलं एकच लक्षात ठेवणार असाल, तर हे ठेवा. केंद्र सरकारचे असाधारण निवृत्तिवेतनाचे नियम मृत्यू किंवा अपंगत्वाच्या कारणाचे पाच वर्ग करतात आणि पुढची जवळजवळ प्रत्येक रक्कम या वर्गावर ठरते.

- ए: सेवेशी संबंध नसलेलं नैसर्गिक कारण, जुना आजार, ड्युटीवर नसताना झालेला अपघात.
- बी: सेवेमुळे जडलेला किंवा सेवेमुळे बळावलेला आजार. प्रतिकूल हवामान, कामाच्या जागेची जोखीम यात येते.
- सी: कर्तव्य बजावताना झालेला अपघात. ड्युटीच्या प्रवासात गाडीला झालेला अपघात, विजेचा धक्का वगैरे.
- डी: दहशतवादी किंवा समाजकंटकांनी केलेली हिंसा. जवान त्या वेळी प्रत्यक्ष ड्युटीवर असलाच पाहिजे, असं नाही.
- ई: युद्ध, सीमेवरची चकमक, अतिरेक्यांविरुद्धची कारवाई.

फरक किती पडतो ते पाहा. समजा, जवानाचं शेवटचं मूळ वेतन ३०,००० रुपये होतं. ए वर्गात पत्नीला साधं कुटुंबनिवृत्तिवेतन मिळतं: पहिली १० वर्षं मूळ वेतनाच्या ५० टक्के, म्हणजे १५,०००, आणि त्यानंतर ३० टक्के, म्हणजे ९,०००. बी आणि सी वर्गात ६० टक्के, म्हणजे १८,०००. डी आणि ई वर्गात शेवटचं संपूर्ण वेतन, म्हणजे ३०,०००. या सगळ्यांवर महागाई भत्ता वेगळा मिळतो. एका अक्षरामुळे घरात येणारा पैसा आयुष्यभरासाठी दुप्पट-तिप्पट कमी-जास्त होतो.

हा वर्ग दिल्लीतल्या अधिकाऱ्याच्या मनावर ठरत नाही, कागदांवर ठरतो. घटनेचा पहिला अहवाल, एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, आजार असेल तर दलाच्या रुग्णालयाची कागदपत्रं, आणि युनिटने केलेल्या कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा, म्हणजे दलाच्या अंतर्गत चौकशीचा निष्कर्ष, एवढे कागद मुख्य. चकमकीत मृत्यू झाला असेल, तर वर्गाबद्दल सहसा वाद होत नाही. वाद होतो तो हृदयविकाराच्या झटक्याचा, मलेरियाचा, कॅम्पमध्ये कोसळून झालेल्या मृत्यूचा. अशा प्रकरणात कोणी काही बोललं नाही, तर फाइल ए वर्गात जाऊन बसते.

म्हणून युनिटला लेखी विचारा: कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली का, निष्कर्ष काय, मृत्यू सेवेशी संबंधित मानला आहे का? पोस्टिंग कुठे होतं, किती काळ होतं, तिथली परिस्थिती कशी होती, आधीच्या वार्षिक वैद्यकीय तपासणीत जवान शेप-१ म्हणजे पूर्ण तंदुरुस्त होता का, हे सगळं अर्जात नमूद करा. भरतीच्या वेळी आणि नंतरच्या प्रत्येक तपासणीत ठणठणीत असलेला माणूस छत्तीसगडच्या जंगलात दोन-तीन वर्षं काढून आजारी पडतो, तेव्हा त्या आजाराचा सेवेशी संबंध आहे हे मांडायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

शवविच्छेदन झालं नसेल, तर अपघात विम्याचे दावेही अडकतात. अशा वेळी घरचे लोक म्हणतात, "देहाची विटंबना नको." ती भावना मला समजते. तरीही अपघाती किंवा संशयास्पद मृत्यूत शवविच्छेदनाला नकार देऊ नका.

आणखी एक, कारण या बाबतीत अनेक घरांत मौन पाळलं जातं. जवानाने आत्महत्या केली असेल, तरी साधं कुटुंबनिवृत्तिवेतन आणि उपदान (ग्रॅच्युइटी) मिळतंच. तो कुटुंबाचा हक्क आहे. लाजेपोटी अर्ज न करणारी घरं मी पाहिली आहेत. कृपा करून असं करू नका.

२. पहिल्या पंधरवड्यात: एक माणूस, एक वही, एक फाइल

घरातल्या एकाच माणसाला युनिटशी बोलायचं काम द्या. सासरे एकदा फोन करतात, भाऊ एकदा, मेहुणा एकदा आणि प्रत्येकाला तिकडून वेगळं उत्तर मिळतं. बोलणारा कोणीही असो, सह्या मात्र पत्नीच्याच लागणार आहेत. त्यामुळे तिला प्रत्येक कागद वाचून दाखवा. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या फॉर्मवर तिची सही कोणीही घेऊ नये, घरच्या माणसांनीसुद्धा नाही.

अंत्यसंस्काराला युनिटकडून जे अधिकारी-जवान येतात, त्यांच्यापैकी एकाचा नंबर, बटालियनच्या कार्यालयाचा नंबर आणि ग्रुप सेंटरचा पत्ता त्याच वेळी लिहून घ्या. महाराष्ट्रात तळेगाव दाभाडे (पुणे) आणि नागपूर इथे सीआरपीएफची ग्रुप सेंटर आहेत. तुमच्या जवानाच्या बटालियनचं ग्रुप सेंटर मात्र दुसऱ्या राज्यात असू शकतं. तसं असलं, तरी जवळच्या ग्रुप सेंटरमध्ये जाऊन मदत मागता येते. तिथले लोक फॉर्म भरून द्यायला मदत करतात आणि पुढे फोन लावून देतात.

जवानाचा मोबाइल बंद करू नका आणि त्याचं सिम चालू ठेवा. बँक, एनपीएस (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना), विमा या सगळ्यांचे निरोप त्याच नंबरवर येतात. त्याच वेळी एटीएम कार्डाने त्याच्या खात्यातून पैसे काढायचंही टाळा. मृत्यूनंतर काढलेली रक्कम पुढे हिशेबात आणि वारसांच्या आपसातल्या वादात अडचण करते. तातडीच्या खर्चासाठी दलाकडून लगेच काही मदत मिळते. ती युनिटकडे मागा, संकोच करू नका.

३. कागदपत्रं

सगळ्याच्या पाच-सहा झेरॉक्स प्रती आणि मोबाइलमध्ये स्वच्छ फोटो ठेवा. मूळ कागद कोणालाही देऊ नका. दाखवा आणि परत घ्या.

- मृत्यूचा दाखला (किमान दहा प्रती काढून घ्या, प्रत्येक ठिकाणी लागतो)
- एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल (लागू असेल तिथे)
- विवाह नोंदणी प्रमाणपत्र
- पत्नी, मुलं, आई-वडील यांची आधार कार्डं; पत्नीचं पॅन कार्ड
- मुलांचे जन्मदाखले
- पत्नीच्या स्वतंत्र बचत खात्याचं पासबुक
- जवानाची पगार स्लिप, प्रान कार्ड, म्हणजे एनपीएस खात्याच्या क्रमांकाचं कार्ड (एनपीएस असेल तर), विमा पॉलिसी, कर्जाची कागदपत्रं
- पत्नीचे पासपोर्ट आकाराचे फोटो आणि दोघांचा एकत्र फोटो
- तहसीलदारांकडचा वारस दाखला

इथे सर्वांत मोठा घोळ नावांचा होतो, आणि आपल्याकडे तो जरा जास्तच होतो. लग्नात मुलीचं नाव बदललेलं असतं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासबुकावर तिसरंच स्पेलिंग, आणि सर्व्हिस बुकात जवानाने घाईत लिहिलेलं घरचं लाडकं नाव. सगळ्यांत आधी सर्व्हिस बुकात पत्नीचं नाव कसं नोंदलं आहे, ते युनिटला विचारा आणि आधार, पॅन, बँक त्याच्याशी जुळवून घ्या. फरक लहान असेल, तर प्रतिज्ञापत्रावर भागतं. नाव पूर्ण वेगळं असेल, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नाव बदलाची नोंद हातात ठेवा. विवाह नोंदणी झालीच नसेल, तर ग्रामसेवकाकडून काय काय कागद मिळू शकतात ते लगेच विचारा आणि युनिटलाही तसं कळवा.

न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र आणा, असं कोणी सांगितलं, तर आधी कशासाठी ते लेखी मागा. नियमांनी ठरवलेल्या पत्नीच्या कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी त्याची गरज नसते. नॉमिनी नोंदलेला असेल, तिथेही नसते. ते लागतं मुख्यतः नॉमिनी नसलेल्या किंवा वाद असलेल्या रकमांना. काही वकील सरसकट तो दावा दाखल करायला लावतात. त्यात महिने आणि पैसे दोन्ही जातात.

४. कोणती रक्कम कोणाकडून येते

"सरकारचे पैसे" असं एकच काही नसतं. प्रत्येक रकमेला वेगळं टेबल, वेगळा फॉर्म आणि वेगळा नॉमिनी असतो. वहीत प्रत्येकीसाठी एक पान करा.

*कुटुंबनिवृत्तिवेतन.* वर सांगितलं तेच. पूर्वी ५० टक्के दरासाठी सात वर्षं सेवेची अट होती. १ ऑक्टोबर २०१९ पासून ती गेली आहे. नवा भरती झालेला जवान गेला, तरी कुटुंबाला तो दर मिळतो. अंतिम आदेश यायला वेळ लागणार असेल, तर तात्पुरतं कुटुंबनिवृत्तिवेतन सुरू करण्याची तरतूद आहे. ती आपणहून मागा. फाइल युनिटकडून वेतन व लेखा कार्यालयात, तिथून दिल्लीच्या केंद्रीय पेन्शन लेखा कार्यालयात आणि तिथून बँकेत जाते. शेवटी तुमच्या हाती येतो तो पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, बारा अंकी क्रमांकाचा कागद. तो जन्मभर जपायचा.

*मृत्यू उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी.* सेवा एक वर्षापेक्षा कमी असेल, तर वेतन आणि महागाई भत्त्याच्या दुप्पट. एक ते पाच वर्षं असेल, तर सहापट. पाच ते अकरा वर्षांना बारापट. अकरा ते वीस वर्षांना वीसपट. त्यापुढे प्रत्येक सहामाहीला अर्ध्या महिन्याचं वेतन, जास्तीत जास्त तेहतीसपट. कमाल मर्यादा १ जानेवारी २०२४ पासून २५ लाख रुपये आहे.

*केंद्राचं सानुग्रह अनुदान.* कर्तव्य बजावताना मृत्यू झाला असेल तरच. कर्तव्यावरचा अपघात किंवा दहशतवादी-समाजकंटकांची हिंसा असेल, तर २५ लाख; सीमेवरची चकमक, अतिरेक्यांविरुद्धची कारवाई किंवा अतिउंच दुर्गम ठिकाणी नैसर्गिक आपत्तीत झालेला मृत्यू असेल, तर ३५ लाख; युद्धात शत्रूच्या कारवाईत असेल, तर ४५ लाख. हे दर १ जानेवारी २०१६ पासूनचे.

*बाकीचं लहानमोठं.* शिल्लक अर्जित रजेचे पैसे (३०० दिवसांपर्यंत), जीपीएफ (भविष्य निर्वाह निधी) असेल तर ती रक्कम, केंद्रीय कर्मचारी गट विमा (जवानांच्या गटात ३०,००० रुपये, शिवाय त्यातला बचतीचा भाग), दलाच्या स्वतःच्या कल्याण निधीतली मदत. शेवटची दोन विसरली जातात, कारण त्यांचा फॉर्म वेगळा असतो.

*पगाराच्या खात्यावरचा विमा.* केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांसाठी बँकांची खास पगार खाती असतात आणि त्यावर मोठा अपघात विमा असतो. हा दावा युनिट आपोआप करेलच असं नाही आणि त्याला मुदत असते. पगार ज्या शाखेत जमा होत होता, तिथे पहिल्या महिन्यातच लेखी कळवा. शाखेत "असं काही नसतं" म्हणाले, तर ते लेखी मागा. बहुतेक वेळा त्यानंतर फाइल सापडते. कर्ज असेल, तर त्यावर विमा उतरवला होता का, हेही त्याच पत्रात विचारा.

*भारत के वीर.* एप्रिल २०१७ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने सुरू केलेलं हे पोर्टल. कारवाईत मृत्यू पावलेल्या जवानाच्या नावे लोक थेट मदत पाठवतात, एका कुटुंबासाठी १५ लाखांपर्यंत. नाव युनिटमार्फतच जातं. या नावाने कोणी तुम्हाला फोन करून ओटीपी मागितला, तर तो चोर आहे.

*राज्य सरकारची मदत.* हा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात जातो. सोबत दलाने दिलेलं ऑपरेशनल कॅज्युअल्टी प्रमाणपत्र, म्हणजे कारवाईत मृत्यू झाल्याचं प्रमाणपत्र जोडा. अंत्यसंस्काराच्या दिवशी व्यासपीठावरून जाहीर झालेली मदत खात्यावर येण्यासाठी शासनाचा लेखी आदेश लागतो. जाहीर केलेल्या प्रत्येक गोष्टीचं वर्तमानपत्रातलं कात्रण ठेवा आणि त्याचा हवाला देऊन अर्ज करा.

पुलवामाच्या वेळी, १४ फेब्रुवारी २०१९ रोजी, एकाच दिवशी ४० जवान गेले. त्यांत आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले दोन होते. तेव्हा मंत्री आणि अधिकारी आपणहून दारात आले, आणि ते योग्यच झालं. पण आठवड्याच्या मधल्याच एखाद्या दिवशी कुठल्याशा कॅम्पमध्ये एकटा गेलेल्या जवानाच्या घरी कोणीच येत नाही. त्या घराला वरची यादी सर्वांत जास्त उपयोगाची आहे.

५. एनपीएस असेल, तर कोणताही फॉर्म भरण्याआधी थांबा

१ जानेवारी २००४ नंतरच्या भरतीला एनपीएस आहे. त्यामुळे "तुम्हाला पेन्शन नाही, एनपीएसचे पैसे काढून घ्या" असा सल्ला कोणीतरी देतोच. सेवेत असताना मृत्यू झाला किंवा अपंगत्वामुळे सेवा संपली, तर एनपीएसमधल्या जवानालाही जुन्या नियमांप्रमाणे कुटुंबनिवृत्तिवेतन किंवा अपंगत्वाचं पेन्शन मिळण्याची सोय आहे. २०२१ च्या एनपीएस अंमलबजावणी नियमांत प्रत्येक कर्मचाऱ्याने आधीच पर्याय लिहून द्यायचा असतो. जुन्या नियमांचे लाभ घेतले, की खात्यातला सरकारचा हिस्सा सरकारकडे परत जातो आणि जवानाचा स्वतःचा हिस्सा परताव्यासह कुटुंबाला एकरकमी मिळतो.

त्यामुळे क्रम असा ठेवा. आधी युनिटला विचारा: यांनी कोणता पर्याय दिला होता? त्याची प्रत मागा. त्यानंतरच एनपीएसमधून पैसे काढण्याचा फॉर्म भरा. घाईत सगळी रक्कम काढून वार्षिकी (एकरकमी पैसे भरून ठरावीक उत्पन्न देणारी योजना) घेतली, तर पुढची सोडवणूक फार किचकट होते. केंद्रीय दलांना जुनं पेन्शन द्यावं असा दिल्ली उच्च न्यायालयाचा जानेवारी २०२३ चा निकाल आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली होती. ती बातमी वाचून काही कुटुंबं "निकाल लागू द्या, मग बघू" म्हणत अर्ज करत नाहीत. मृत्यू आणि अपंगत्वाच्या लाभांसाठी त्या निकालाची वाट पाहायची काहीच गरज नाही.

६. पत्नी आणि आई-वडील

हा भाग लिहिणं अवघड आहे, पण सर्वांत जास्त घरं इथेच मोडतात. नियम सरळ आहेत. पत्नी हयात आणि पात्र असेपर्यंत कुटुंबनिवृत्तिवेतन तिचं असतं. तिच्यानंतर मुलांना २५ वर्षांपर्यंत किंवा लग्न होईपर्यंत किंवा कमावू लागेपर्यंत. अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलीला त्यापुढेही, आणि स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला जन्मभर. पत्नी-मुलं कोणीच पात्र नसतील, तर अवलंबून असलेल्या आई-वडिलांना. उपदान, विमा, जीपीएफ या रकमा मात्र त्या त्या फॉर्मवर ज्यांची नावं आहेत, त्यांना जातात. अविवाहित असताना भरलेल्या फॉर्मवर आईचं नाव राहून गेलेलं असतं, आणि तिथून भांडण सुरू होतं.

माझा सल्ला: पैसे यायच्या आधी, कोणीतरी समजूतदार वडीलधारं माणूस मध्ये बसवून बोला. सासू-सासऱ्यांनीही मुलगा गमावलेला आहे. आणि सुनेला माहेरी पाठवून "पेन्शन इकडे दे" म्हणणं कायद्यात बसत नाही, माणुसकीतही बसत नाही.

पुनर्विवाहाबद्दल फार अफवा आहेत. साध्या कुटुंबनिवृत्तिवेतनात, मूल नसलेल्या पत्नीने पुन्हा लग्न केलं, तरी तिचं स्वतःचं उत्पन्न ठरावीक मर्यादेखाली असेपर्यंत पेन्शन चालू राहतं. मुलं असतील, तर ते मुलांकडे जातं. पंचविशीतल्या मुलींना "लग्न केलंस तर सगळं जाईल" म्हणून बांधून ठेवलेलं मी पाहिलं आहे. तिच्या वर्गाला नेमका कोणता नियम लागतो, ते युनिटकडून लेखी विचारून घ्या आणि निर्णय तिचा तिला घेऊ द्या.

७. नोकरी, शिक्षण, औषधपाणी

अनुकंपा नोकरी हा हक्क म्हणून आपोआप मिळत नाही. गट क मधल्या थेट भरतीच्या ५ टक्के जागाच यासाठी असतात, आणि कुटुंबाची परिस्थिती पाहून निवड होते. म्हणून अर्ज लवकर करा. जमीन किती, कर्ज किती, लहान मुलं किती, हे खरं आणि पूर्ण लिहा. ज्याला नोकरी मिळते, त्याला बाकीच्या कुटुंबाला सांभाळण्याचं हमीपत्र द्यावं लागतं. दिराच्या नावाने अर्ज करायचा दबाव आला, तर हे लक्षात असू द्या, की जवान विवाहित असेल, तेव्हा योजनेत आधी पत्नी आणि मुलं येतात.

मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना आहे: मुलींना महिना ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये, व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांसाठी. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर होतो. तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून बारावीचा निकाल लागला की पोर्टल पाहत राहा. वैद्यकीय प्रवेशासाठी केंद्रीय कोट्यातल्या काही जागाही केंद्रीय दलांच्या पाल्यांना असतात. त्याचं प्रमाणपत्र दलाकडून आधीच काढून ठेवा.

सीजीएचएसची, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेची केंद्रं पुणे, मुंबई आणि नागपुरात आहेत. कुटुंबनिवृत्तिवेतनधारकाला वर्गणी भरून कार्ड मिळतं. सीजीएचएस नसलेल्या भागात राहत असाल आणि बाह्यरुग्ण उपचारांसाठी ती सुविधा घेत नसाल, तर महिना १,००० रुपये वैद्यकीय भत्ता मागता येतो. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या बायकांना हा भत्ता असतो हेच माहीत नसतं.

८. जवान वाचला, पण अपंगत्व आलं

इथेही पहिला प्रश्न कारणाचाच: इजा सेवेमुळे झाली असं नोंदलं आहे का? इजा अहवाल आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीच्या प्रती जवान रुग्णालयात असतानाच मागवा. तो शुद्धीवर नसेल, तर पत्नीने अर्ज करावा.

पुढे वैद्यकीय मंडळ दोन गोष्टी ठरवतं: अपंगत्व किती टक्के आणि ते सेवेमुळे आलं का. पेन्शनचे दोन भाग असतात, सेवेचा आणि अपंगत्वाचा; अपंगत्वाच्या भागासाठी किमान २० टक्के लागतात. सेवेतून बाहेर पडावं लागलं, तर टक्केवारी वरच्या टप्प्यावर धरली जाते: ५० पेक्षा कमी असेल तर ५०, ५० ते ७५ असेल तर ७५, त्यापुढे १००. उदाहरण घेऊ. मूळ वेतन ३०,०००, अपंगत्व ६० टक्के, सी वर्ग. सेवेचा भाग १५,०००. अपंगत्वाचा भाग १०० टक्क्यांना वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे ९,०००. त्याचे ७५ टक्के ६,७५०. एकूण २१,७५० आणि महागाई भत्ता. ई वर्गात दर याहून बरेच जास्त आहेत. १०० टक्के अपंगत्व असेल आणि सतत कोणीतरी जवळ लागत असेल, तर मदतनीस भत्ता वेगळा मिळतो.

सेवेत राहावं की बाहेर पडावं, हा निर्णय सहीच्या एका ओळीत करून घेतला जातो. तिथे सावध राहा. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ चं कलम २० सांगतं, की सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही. पण ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतल्या लढाऊ पदांना त्यातून सूट दिली. म्हणजे केवळ त्या कलमावर विसंबून चालणार नाही. दलात कमी वैद्यकीय श्रेणी देऊन हलक्या कामावर ठेवण्याची पद्धत आहे. ते हवं असेल, तर लेखी मागणी करा. सेवेत राहिलेल्याला अपंगत्वाच्या भागाऐवजी एकरकमी भरपाई मिळू शकते. तीही मागावी लागते. मंडळाचा निष्कर्ष पटला नाही, तर फेरतपासणीसाठी अपील आहे. त्याची मुदत थोडी असते. पत्र हाती आल्याची तारीख त्याच पत्रावर लिहा आणि त्याच आठवड्यात बाहेरच्या तज्ज्ञ डॉक्टरचं मत घ्या.

दलाच्या मंडळाचं प्रमाणपत्र आणि जिल्हा रुग्णालयातून मिळणारं दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एसटी, रेल्वे आणि राज्याच्या योजनांना दुसरं लागतं. तेही काढा.

९. पैसे आल्यानंतर

एकरकमी पैसे खात्यावर आले, की पंधरा दिवसांत विमा विकणारे, प्लॉट विकणारे आणि उसने मागणारे नातेवाईक सगळे येतात. बँकेतलाच माणूस वीस वर्षांची पॉलिसी "एफडीसारखीच आहे" म्हणून गळ्यात मारतो. वर्षभर कोणताही मोठा निर्णय घेऊ नका. रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेच्या किंवा पोस्टाच्या मुदत ठेवीत, पत्नीच्या एकटीच्या नावे ठेवा आणि मुलांना नॉमिनी करा. टक्केवारी घेऊन काम करून देणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नका. या सगळ्या प्रक्रियेत कुठेही फी नाही.

आयकराबद्दल: कारवाईतल्या कर्तव्यावर मृत्यू झालेल्या जवानाच्या कुटुंबनिवृत्तिवेतनावर आयकर लागत नाही. कायद्यातल्या या सवलतीत निमलष्करी दलंही येतात. बँक तरीही कर कापते, कारण तिला कोणी सांगितलेलं नसतं. ऑपरेशनल कॅज्युअल्टी प्रमाणपत्राची प्रत जोडून शाखेत अर्ज द्या. आधी कापलेला कर विवरणपत्र भरून परत मागता येतो.

दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायचा. जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला डिजिटल रूपात, मोबाइलवरून चेहरा दाखवूनही होतं, पोस्टमन घरी येऊनही करतो.

१०. काम अडलं तर

प्रत्येक अर्ज दोन प्रतींत न्या आणि एका प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. पोच देत नसतील, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती वहीत चिकटवा. फोनवर झालेलं बोलणं त्याच दिवशी दोन ओळींत ईमेलने कळवा: "आज आपण असं सांगितलंत." महिनाभर उत्तर नाही आलं, तर कमांडंटला, मग ग्रुप सेंटरच्या डीआयजींना पत्र. त्यानंतर केंद्राच्या पेन्शन विभागाचं सीपेनग्राम्स हे तक्रार पोर्टल. तिथे मराठीत लिहिण्यापेक्षा हिंदी किंवा इंग्रजीत छोटी, तारखांसह तक्रार लवकर पुढे सरकते. वर्ग ए का दिला, हे कळत नसेल, तर माहिती अधिकारात स्वतःच्या प्रकरणातली कागदपत्रं मागून पाहा. सीआरपीएफला त्या कायद्यातून बरीचशी सूट आहे, त्यामुळे नकार येऊ शकतो. तसं झालं, तर तीच मागणी पत्नी म्हणून साध्या अर्जाने करा.

ज्यांचा जवान आज सेवेत आहे त्यांच्यासाठी

पुढच्या रजेत एक संध्याकाळ यासाठी काढा. लग्नानंतर उपदान, गट विमा, जीपीएफ, एनपीएस, सानुग्रह अनुदान आणि पगार खातं, प्रत्येक ठिकाणी नॉमिनी बदलला आहे का ते पाहा. एका ठिकाणी बदलला म्हणजे सगळीकडे बदलत नाही. एनपीएसचा मृत्यू-अपंगत्वाचा पर्याय भरला आहे का, आणि कोणता, ते विचारा. जवान गेल्यानंतर कुटुंबाला तो बदलता येत नाही. सर्व्हिस बुकातलं पत्नीचं नाव आधारप्रमाणे करून घ्यायला सांगा. पत्नीचं वेगळं खातं उघडा. बटालियनचा, ग्रुप सेंटरचा आणि जवळच्या दोन सहकाऱ्यांचा नंबर तिच्या मोबाइलमध्ये असू द्या. हे सगळे कागद कोणत्या कपाटात आहेत, हे पत्नीला आणि आईला दोघींनाही माहीत असू द्या.